जोडमोहाची टोपलीवाली

खैरुनच्या दोन्ही हातांत पाण्याच्या कळश्या होत्या, म्हणून भाकऱ्यांची दुरडी तिने डोक्यावर घेतली होती. माश्या बसू नयेत म्हणून वर पांढरं फडकं झाकलं होतं. ओसरीवर येऊन "अजी, जेवून घ्या" एवढं म्हणायला तिने तोंड उघडलं मात्र, तिचा नवरा बशीर ओसरीवरून जो उडाला तो थेट अंगणात, शेळीच्या पलीकडे.

"का झालं? साप हाय काय?"

"दुरडी खाली ठेव! अगोदर खाली ठेव, मंग बोल!"

"भाकरी हाय तिच्यात."

"फडकं काढून दाखव."

खैरुनने कळश्या ठेवल्या, दुरडी उतरवली, फडकं काढलं. भाकऱ्याच होत्या. बशीर शेळीला वळसा घालून आला आणि काही झालंच नाही अशा थाटात जेवायला बसला. पण पहिला घास घेण्याआधी त्याने वरच्या दोन भाकऱ्या उचलून खाली काय आहे ते पाहून घेतलंच.

आता हा बशीर भित्रा होता म्हणाल, तर चांद्यात कोणी तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही. गुणवंतरावांची चांदा-पोंभुर्णा मोटार तो बारा वर्षं हाकत होता. सगळी वाट जंगलातली. वाघ आडवा आला की आतली माणसं आई-बाप आठवायची, आणि हा पठ्ठ्या इंजिन चालू ठेवून शांतपणे बिडी पेटवायचा. "त्याचं गाव हाय, बाप्पा. जाऊ द्या त्याले निवांत," म्हणायचा. अस्वल पाहिलं, रानडुकरं पाहिली, एकदा सीटखाली नाग निघाला तेव्हाही पान्ह्याने उचलून बाहेर सोडला. असल्या माणसाची झोप उडवली ती एका सिनेमाने.

चांद्याच्या महाकालीच्या यात्रेत महिनाभरासाठी तंबूतला सिनेमा आला होता. सिनेमातली बाई पांढरं लुगडं नेसायची, डोक्यावर झाकलेली टोपली घ्यायची आणि रस्त्याच्या वळणावर एकटीच उभी राहायची. मोटार आली की मोटारवाल्याला नावाने हाक मारायची. म्हणायची, "जरा हात लावा, टोपली उतरवून द्या." मोटारवाला खाली बघायचा तर बाईला पाय नाहीत! तो मोटार पळवायचा. पुढच्या वळणावर बाई हजर. तिसऱ्या वळणावर मोटार रिकामी उभी, आणि बाईची टोपली तेवढी जड झालेली. टोपलीत काय असायचं ते तुम्ही ओळखलंच असेल. असे चार ड्रायव्हर तिने टोपलीत घातले. उरलेला सिनेमा बशीरने डोळे मिटून काढला, पण कान कुठे मिटता येतात?

परिणाम किती दिवस राहतो यावर मोटार स्टँडवर दोन पक्ष पडले होते. कंडक्टर मुखरू, पन्नाशीचा शहाणा माणूस, म्हणे, "आठ दिवस राह्यते, मंग आपोआप उतरते." चहावाला चाळीस दिवसांच्या खाली यायला तयार नव्हता. मालक गुणवंतरावांनी मात्र सिनेमा न बघताच निकाल दिला होता. "अरे, कपड्यावरचा उजेड तो! दिवा विझला का बाई खतम. त्याचा कायचा आला परिनाम?"

पण परिणाम होता, आणि रोज तीनच्या सुमारास तो चढायचा. पोंभुर्ण्याहून परत येताना वाटेत जोडमोहा लागतो. मोहाची दोन जुनी झाडं, बाजूला चार झोपड्या, आणि अगदी वळणावर थांबा. तिथून रुखमाबाई नावाची म्हातारी बाजाराच्या दिवशी चांद्याला यायची. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, अंगावर पांढरं लुगडं, आणि डोक्यावर पिकल्या टेंभरांची, म्हणजे तेंदूच्या फळांची टोपली. ऊन लागून फळं नासू नयेत म्हणून वर ओलं पांढरं फडकं. आता सांगा, बशीरने करावं काय?

पहिल्या बाजाराला तो म्हणाला, "ब्रेक नाई लागला." दुसऱ्या बाजाराला म्हणाला, "टायर तापलं होतं, थांबलं असतं तं फुटलं असतं." तिसऱ्या बाजाराला त्याने खालचा ओठ दातात धरून मोटार अशी काढली की मुखरूची तिकिटांची पेटी मागच्या बाकावर जाऊन पडली.

तीन टोपल्या टेंभरं सडली तशी रुखमाबाई अकरा मैल पायी चालत गुणवंतरावांच्या दारात आली.

"मालक, तुमची मोटार मले पाहून पळून जाते."

"मोटार कशी पळंल, बाई? तुमी हात नसंल दाखवला."

"हात दाखवला, आवाज देला. माह्या तोंडाले का झालं म्हनते मी? वीस वर्सांपासून हेच तोंड हाय!"

गुणवंतराव विचारात पडले. अशा बोंबा आणखी झाल्या तर मोटारीचा परवानाच जायचा. पण बारा वर्षांचा ड्रायव्हर एका म्हातारीच्या सांगण्यावरून कसा काढावा? स्वतः पाहायला हवं. आणि मालक म्हणून उभं राहिलं तर बशीर थांबणारच, मग कळणार काय?

"मंग माह्यासारखे उभे राहा ना," रुखमाबाई म्हणाली.

हा सल्ला गुणवंतरावांना फार आवडला. दुसऱ्याच दिवशी सकाळी ते रुखमाबाईला घेऊन लाकडाच्या ट्रकमधून जोडमोहाला जाऊन उतरले. फेटा रुखमाबाईच्या झोपडीत ठेवला. पांढरं धोतर होतंच, वरून पांढरं उपरणं डोक्यावरून घेतलं. ऊन तर असं की घ्यावंच लागलं असतं. रुखमाबाईने तिची दुसरी टोपली भरून, फडक्याने झाकून त्यांच्या डोक्यावर चढवली. तिची तिने घेतली. दोघं वळणावर उभी राहिली. मालकांना आपल्या हुशारीचं मोठं कौतुक वाटत होतं.

तीनला मोटार आली. तापलेल्या रस्त्यावर वाफा नाचत होत्या. त्यामुळे लांबून गुडघ्याच्या वरचं सगळं दिसत होतं, गुडघ्याखालचं काहीच दिसत नव्हतं.

"मुखरूभाऊ," बशीर म्हणाला. "आज दोन हायेत."

मुखरूने सिनेमा पाहिला नव्हता. पण बशीरच्या तोंडून इतक्यांदा ऐकला होता की पाहणाऱ्यापेक्षा त्यालाच जास्त दिसायला लागला होता. त्याने मान बाहेर काढली. "पाय नाई बे!" तो किंचाळला, आणि मोटारीतली एकूण एक माणसं उभी राहिली. कारण ती गोष्ट त्या मार्गावर सगळ्यांनाच पाठ झाली होती.

"हान, बशीरभाऊ, हान!"

बशीरने हाणली. ती दोघं रस्त्याच्या कडेला सरकली, मोटार धुरळा उडवत निघून गेली, आणि मागून हाक आली, "बशीर! अरे थांब, बशीर!"

"नावानं बोलावून राह्यली!" बशीरची बोबडी वळली. "सिनेमात बी अशीच बोलावते!"

मुखरू मागे बघत होता. पांढऱ्यातली एकजण धावत येत होती. उपरणं उडत होतं, टोपली पडून टेंभरं रस्ताभर झाली होती. "थांब रे गधड्या! मी गुणवंतराव हाय!"

"मालकाचा आवाज काढून राह्यली बे," मुखरू हळूच म्हणाला. मग त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "बशीरभाऊ... मालकाले खाल्लं वाटते तिनं."

त्या दिवशी मोटार चांद्याला अर्धा तास अगोदर पोचली. कंपनी सुरू झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं. बशीर स्टँडवर थांबलाच नाही, धावत मालकांच्या घरी गेला.

"मालक हायेत काय, बाई?"

"नाई बा," मालकीणबाई म्हणाल्या. "सकाळीच जोडमोहाले गेले. काऊन?"

बशीर पायरीवर खालीच बसला. बारा वर्षं ज्याचं मीठ खाल्लं तो माणूस टोपलीत! आणि आपण ऐकू आलेली हाक टाकून पळून आलो! त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की भीती क्षणभर मागे पडली. तेवढा क्षण पुरला. तो उठला, स्टँडवर आला, हँडल मारून मोटार चालू केली.

"चाल, मुखरूभाऊ. मालकाले आनून घेऊ."

मुखरूने पोट धरलं. "मले कळ येऊन राह्यली, बशीरभाऊ. तू हो पुढं."

बशीर एकटाच निघाला. अकरा मैल तो जे येईल ते पुटपुटत होता. जोडमोहाला पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं, पण अजून स्वच्छ दिसत होतं. झाडाखाली एक पांढरं बसलेलं होतं आणि एक पांढरं टोपली घेऊन उभं होतं. बशीरने इंजिन चालूच ठेवलं, खाली उतरला, डोळे घट्ट मिटले आणि हात जोडले.

"बाई, मालकाले सोड. लेकराबाळाचा मानूस हाय. मले घे टोपलीत. मी जाडा हाय, पन बसीन कसा तरी."

"बशीऱ्या!"

डोळे उघडले तर झाडाखाली मालक. एक वहाण तुटलेली, पायाला फोड, तोंडाला टेंभराचा रस. बशीरला रडूच फुटलं. त्याने मालकांचे पाय धरले आणि आधी दोन्ही आहेत ना हे चाचपून पाहिलं.

"उद्यापासून कामावर नको येऊ," मालकांनी सांगून टाकलं. त्यांच्या तळपायाची आग केव्हाच मस्तकात गेली होती. "सिनेमा पाहून मालकाले उनात सोडून जाते! कपड्यावरच्या उजेडाले भेते! सकाळी येऊन चाबी दे."

रुखमाबाई इतका वेळ ऐकत होती. "कायचा सिनेमा?" तिने विचारलं.

बशीरने डोळे पुसत सगळी गोष्ट सांगितली. वळण, टोपली, हाक, चार ड्रायव्हर, काहीही सोडलं नाही. म्हातारी डोक्यावरची टोपली तशीच सांभाळत शेवटपर्यंत उभी राहिली.

"अन् त्या चौघातून एकानं तरी टोपली उतरवून देली काय तिले?"

"नाई."

"मंग करंल काय बिचारी," रुखमाबाई म्हणाली. "किती बाजार झाले असतीन तिचे असे. माहीच मान भरून आली, मोटारवाल्या. हात लावतं का जरा?"

बशीर पुढे झाला, तिची टोपली दोन्ही हातांनी उतरवली, आणि फडकं बाजूला केलं. पिवळीधमक टेंभरं होती. वास असा सुटला होता की त्याला दुपारपासून काही खाल्लं नसल्याची आठवण झाली. एक टेंभर तोंडात टाकून तो म्हणाला, "बाई, चुकलं माह्यं." तीन आठवड्यांचं ओझं त्याच्या छातीवरून त्या क्षणी उतरलं.

मालकांवर मात्र याचा काही परिणाम झाला नाही. "गोड बोलून चालत नाई. चाबी पायजे."

"मालक," रुखमाबाई मोटारीत चढता चढता म्हणाली, "तुमी पाह्यला काय तो सिनेमा?"

"मी कायले पाहू?"

"मंग पाहून घ्या ना आज. भेव नाई वाटलं तं काढा त्याले."

"पाह्यतो!" मालक म्हणाले. "पहिल्या खुर्चीत बसून पाह्यतो. अन् सकाळी याची चाबी घेतो." आणि लंगडत लंगडत मोटारीत चढले.

सकाळी बशीर खाकी शर्टाची घडी काखेत आणि चावी मुठीत घेऊन स्टँडवर आला. खैरुनने रात्रीच त्याच्या चुलतभावाच्या लोहारकामाची चौकशी करून ठेवली होती. बशीरला भाता ओढायची कल्पनाच सोसत नव्हती. गुणवंतराव तिकिटाच्या टेबलाशी बसले होते. डोळे तांबारलेले, चहा गार झालेला.

"मालक, चाबी," बशीर म्हणाला.

"हूं. ठेव," मालक म्हणाले. त्यांनी हात पुढे केला.

रुखमाबाई रात्री चांद्यातच भाचीकडे राहिली होती. उरलेली टेंभरं यात्रेत विकायला निघता निघता मालकांना चार द्यावीत म्हणून ती स्टँडवर आली. माणूस भला, उगाच आपल्यापायी दिवसभर उन्हात राहिला, असं तिला वाटत होतं. ती त्यांच्या मागे येऊन उभी राहिली. पांढरं लुगडं, पांढरं फडकं.

"गुनवंतराव," ती प्रेमाने म्हणाली, "जरा हात लावा, टोपली उतरवून द्या."

गुणवंतरावांनी मागे वळून पाहिलं. टेबल आडवं झालं, तिकिटं उडाली, चहा मुखरूच्या धोतरावर गेला. फोड आलेल्या पायांनी मालक स्टँड ओलांडून मोटारीत शिरले आणि त्यांनी आतून दार ओढून घेतलं.

"बशीर! गाडी काढ! काढ लवकर!"

बशीरने शांतपणे रुखमाबाईची टोपली उतरवून बाकावर ठेवली. मग चावी हातात खेळवत मोटारीच्या खिडकीशी गेला.

"मले कशी काढता येईन, मालक? मी तं कामावर नाई."

"हायेस, बाबा, हायेस! कालपासून हायेस! अन् पगारी हायेस!" खिडकीतून दोन डोळे तेवढे वर आले. "पन काढाच्या अगोदर त्या बाईले फडकं उचलून दाखवाले सांग."