बिनझरोक्याच्या कॅमेऱ्याची कैफियत

श्री. जो उजेडास आकार देतो आणि आकारास सावली देतो त्याचे चरणीं मस्तक ठेवोन हें वर्तमान लिहिलें ऐसें जे. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, आश्विन वद्य पंचमी, मंदवार, म्हणजे शनिवार, दोन प्रहरीं हुजुरांनीं भर सदरेस प्रश्न केला. वर पंख्याचीं पातीं फिरत होतीं. गालिच्यावर अकरा चित्रें मांडिलीं होतीं. त्यांच्या एका अंगास सगुणाबाई ओतारी उभी, जिनें नवा कॅमेरा घडविला, आणि दुसऱ्या अंगास रायाजी चितारी उभा, ज्यानें तो आठ दिवस बाजारांत चालविला. प्रश्न रायाजीस होता. प्रश्न ऐसा कीं, "या यंत्रानें एक तरी चित्र ऐसें दिलें काय, जें दुसऱ्या कोणत्याही कॅमेऱ्यांत उतरलें नसतें? एक दाखीव, कारखाना चालेल. नाहीं तर आजच कुलूप." रायाजीनें मान खालीं घातली. अंगरख्याच्या आंतल्या खिशांत एका कागदाची कड त्याच्या बरगडीस टोंचत होती.

या गोष्टीचें मूळ ऐसें. रायाजी हा राज्यांतील समस्त बाजारी छायाकारांचा म्होरक्या, वेशीजवळ त्याचें चाळीस वर्षांचें दुकान, आणि बारसें, मुंज, साखरपुडा, पासपोर्ट, तेराव्यास लावावयाची तसबीर, सर्व त्याच्याच हातचें. एक डोळा मिटोन दुसरा झरोक्यास लावितां लावितां त्याचा डावा गाल सुरकुतला आणि उजवा तैसाच राहिला, म्हणोन लोक थट्टेनें म्हणत कीं रायाजीबावा अर्धेच म्हातारे जाहले. सगुणाबाई त्याजपाशीं सात वर्षें काम शिकली आणि त्यास बाबा म्हणूं लागली. तिचा जन्मदाता बाप ओतकाम करी. तो वारला तेव्हां भिंतीस लावावयास घरांत एकच फोटो निघाला, तोही रायाजीनेंच काढिलेला. जो माणूस भट्टीपुढें घामाघूम होऊन दिवसभर हांसे, तो चित्रांत चोरीच्या मालासह धरिल्यासारखा ताठ उभा. सगुणाबाई त्या चित्रापुढें बहुत वेळ बसली आणि तिच्या मनीं आलें कीं माणूस माणसास भीत नाहीं. समोरच्याच्या तोंडाजागीं कांच आली म्हणजे भितो. मग हुजुरांच्या आश्रयानें कारखाना उभारिला आणि पांच वर्षें खपोन तिनें कॅमेरा केला तो ऐसा: पितळी, गोल, पानाच्या डब्याएवढा, दोरीनें छातीवर टांगावयाचा. त्यास डोळा लावावयास झरोका नाहीं आणि मागें पडदाही नाहीं. काढणाऱ्यानें समोरच्याकडे दोहों डोळ्यांनीं पाहावें, बोलावें, आणि बोलतां बोलतां तळव्यांनीं दोहीं कडा दाबाव्या. बारा चित्रांचें रीळ. संपलें कीं धुवोन पाहावें, तोंवर काय उतरलें तें देवासच ठाऊक.

मग बाजारी मंडळी बघावयास आली आणि कॅमेरा हातोहात फिरला. एक म्हणाला, "सगुणाताई, यावर पोळ्या किती लाटाव्या?" दुसरा म्हणाला, "हें लेवोन मी लग्नांत उभा राहिलों तर वधूचा बाप मलाच पुसेल, अहो, फोटोवाला कधीं यावयाचा?" सगुणाबाई म्हणाली, "आलाय म्हणोन सांगावें आणि दोन शब्द बोलावें. तेवढ्यांत फोटो होतो." "आणि नवरदेवाचें मुंडकें तुटलें म्हणजे?" "म्हणजे दोरी बोटभर आंखूड करावी, भाऊ. मुंडकीं तुमच्या झरोक्यांतूनही तुटतात, मीं सात वर्षें जुळविलीं आहेत." सर्व हांसले, परंतु घेईना कोणी. सर्वांचें म्हणणें एक, रायाजीबावांनीं घेतला तर आम्ही घेऊं. हें हुजुरांच्या कानीं गेलें आणि आज्ञा जाहली कीं रायाजीनें आठ दिवस हेंच यंत्र चालवावें आणि मग तो सांगेल तें प्रमाण.

पहिलीं दोन रिळें वायां गेलीं. कोणाची नुसती पगडी आली, कोणाचें नुसतें पोट. तिसऱ्यास हात बसला. परंतु चित्रें धुतलीं तेव्हां रायाजी चकित जाहला. माणसें मोकळीं होतीं, ओठ सैल होते, आणि एकही नजर लेन्सकडे नव्हती. लेन्स होती छातीशीं, आणि माणसें बोलत होतीं रायाजीच्या तोंडाकडे बघोन. म्हणोन सर्वांची दृष्टि पाहणाऱ्याच्या डोईवरून वीतभर वर, त्याच्या मागें उभ्या कोणावर तरी. तुळसा कासारीण आपली प्रत घेऊन उन्हांत गेली, उलटसुलट करोन पाहिली आणि म्हणाली, "फोटो कांहीं धड नाहीं, बावा. पण मी धड आहें यांत."

आठव्या दिवशीं शेवटल्या रिळांतलें एक चित्र उरलें. रायाजी दोन प्रहरीं घरीं आला तों त्याची बायको राही ओटीवर वाल सोलीत बसली होती. चाळीस वर्षांत त्यानें कॅमेरा उचलिला कीं ती पदर तोंडावर घेई आणि म्हणे, "भिंतीवर जावयास मला अजून वेळ आहे." आज छातीवरलें यंत्र तिनें पाहिलें, परंतु जो कॅमेरा डोळ्यास लागला नाहीं तो तिच्या लेखीं कॅमेराच नव्हता. रायाजीनें पुसिलें, "मीठ आणावयाचें आहे काय?" तिनें मान वर केली आणि त्याचे तळवे आपोआप दाबले गेले. मग दुकानीं, तांबड्या दिव्याखालीं, पाण्यांत तो चेहरा हळूहळू वर आला. थोडी कुरकुर, थोडी थट्टा, आणि त्याखालीं ऐसें कांहीं, ज्यास रायाजी इतक्या वर्षांत नांव देऊं शकला नव्हता. तो मनाशीं म्हणाला, ही नजर आपणावर रोज पडत असेल आणि रोज आपण दुसरेंच कांहीं बघत असूं. मग त्यानें कागद वाळविला आणि इतर अकरांत ठेविला नाहीं.

मग पंचमीस सदर भरली. चित्रें बघतां बघतां दप्तर राखणारे सबनीस विसाजीपंत यांनीं दोन वेळ मागें वळोन पाहिलें, कोण उभें आहे म्हणोन, आणि लाजले. हुजुरांनीं रायाजीचें मत पुसिलें. तो म्हणाला, "महाराज, यंत्र खोटें नाहीं. परंतु माणूस फोटो काढवितो तो मागल्यांसाठीं. आपण गेल्यावर भिंतीवरून घरच्यांकडे बघतां यावें, एवढीच त्याची हौस. हा कॅमेरा ज्याच्या छातीवर, नजर त्याचीच होते. भिंतीस उरत नाहीं. बाजार हा घेणार नाहीं." हें बोलतां सगुणाबाईकडे त्यानें पाहिलें नाहीं. ती इतकेंच म्हणाली, "नव्या कॅमेऱ्यास जुन्या भिंतीनेंच मोजणार असाल, बाबा, तर तो कमीच भरेल." तेव्हां हुजुरांनीं तो प्रश्न केला जो आरंभीं लिहिला आहे.

रायाजीस कळत होतें. खिशांत हात घालावा, कागद गालिच्यावर ठेवावा, आणि पोरीचा कारखाना वांचेल. परंतु त्याच्या डोळ्यांपुढें येत होतें तें ऐसें: विसाजीपंत वांकतील, राहीची नजर बघतील, ती कोणावर पडली आहे म्हणोन मागें वळतील, आणि आज खरोखरच तेथें कोणी उभें असेल, तो स्वतः रायाजी. चाळीस वर्षें ज्यानें दुसऱ्यांस उजेडांत बसविलें आणि आपण कॅमेऱ्याआड राहिला, त्यानें अंगरख्यावरूनच त्या कागदावर हात दाबिला.

सगुणाबाई दोन पावलें पुढें आली. "महाराज, या रिळांत बारा चित्रें मावतात. गालिच्यावर अकरा आहेत." मग ती त्याजकडे वळली आणि तिनें हळू पुसिलें, "बारावें कोठें आहे, बाबा?"

रायाजीनें हुजुरांस मुजरा केला. तिच्याकडे पाहिलें, या वेळीं दोहों डोळ्यांनीं, आणि हात छातीवर तैसाच दाबोन सदरेच्या पायऱ्या उतरोन गेला.

सारांश, अकरा चित्रें दप्तरीं दाखल आहेत आणि बाराव्याची जागा कोरी आहे. कुलपाचा हुकूम त्याच दिवशीं लिहिला गेला. हुजूर रायाजी गेला त्या दाराकडे बहुत वेळ बघत राहिले, आणि शिक्का करावयाचा राहिला तो राहिलाच.