शांतीचे चार रविवार

अष्टमी गावात राहणाऱ्या शांतीने यंदा नाताळाआधीचा आगमनकाळ नीट पाळायचं ठरवलं, आणि तिथेच सगळं बिघडलं. गेल्या वर्षी करंज्या तळून तळून ती एवढी दमली, की नाताळच्या मिस्साला, भर चर्चमध्ये, चक्क घोरली. प्रभूचा जन्म झाला तेव्हा बाईसाहेब झोपेत! लाजेने तिने फादरांना शब्द दिला, "पुढच्या वर्षी नाताळाआधीचे चारही रविवार संध्याकाळी मेणबत्ती लावून पंधरा मिनिटं गप्प बसेन, प्रभूची वाट बघेन." चोवीस तारखेपर्यंत दारात चांदणीचा कंदील नाही, घरात तळण नाही.

पहिल्या रविवारी ती बसली. दोन मिनिटं झाली नाहीत तोच शेजारची ठमामावशी पिठलं-भात घेऊन आत! मावशी जुनी सुईण. अर्धी अष्टमी तिच्या हातून जन्मलेली, त्यामुळे दार वाजवणं तिला ठाऊकच नाही.

"कोण गेलं गो?"

"कोणी नाही, मावशी!"

"मग चांदणी का नाय लावली? तळणाचा वास नाय, अंधारात मेणबत्ती लावून बसलीस. आमाला कळत नाय व्हय? खा दोन घास."

दुसऱ्या रविवारी गल्लीतल्या चार बाया डोळ्यांना पदर लावूनच आल्या. त्यांची अटकळ शांतीच्या नवऱ्यावर, म्हणजे इनासवर होती. तो डोलवीच्या कंपनीतली शिफ्ट संपवून डबा हलवत दारात उभा राहिला, तेव्हा एकीने किंचाळून भिंतच धरली. तिला पाणी पाजण्यात तो रविवार गेला.

तिसऱ्या रविवारी शांती मेणबत्ती पेटवते तोच मावशी पुन्हा हजर. शांती वैतागली. "सुतक नाही हो मावशी! आम्ही वाट बघतोय. पंचवीस तारखेला येशूबाळ जन्मणार."

"दरसाल?"

"दरसाल."

मावशीला ते लगेच पटलं. कृष्ण दरसाल जन्मतो, मग याने काय घोडं मारलंय? तिची काळजी वेगळीच होती.

"बाळंतपण कुठं?"

"गोठ्यात."

"या थंडीत? आन् तू हात बांधून बसलीस? कमाल हाय बाय तुझी!"

चौथ्या रविवारी मावशीने टेबलच ताब्यात घेतलं. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, कुंची, जुन्या लुगड्याची दुपटी आणि धुरीची शेगडी. शेगडीच्या धगीने मेणबत्ती वाकून गेली. शांती रडकुंडीला आली. चारही रविवार मिळून धड पाच मिनिटं तिच्या वाट्याला आली नव्हती. आता फादरांना काय तोंड दाखवायचं? आणि नेमके तेव्हाच फादर दारात.

"ही कसली तयारी?" त्यांनी विचारलं.

मावशीच पुढे झाली.

"बरं झालं आलात. पोराचं सगळं झालंय. पन पोरीला निजवायचं कुठं, ते कोनी बोलत नाय. अवघडलेली पोर, एवढ्या लांबून येनार. माझ्या हातचं बाळंतपण गोठ्यात नाय हां होनार, सांगून ठेवते!"

शांतीचा राग कुठल्या कुठे गेला. येशूच्या आईची, मारियेची तसबीर ती लहानपणापासून बघत होती, पण तिचेही पाय सुजले असतील, तिलाही थंडी वाजली असेल, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. तिला अगदी भडभडून आलं.

"माझ्या खोलीत," ती म्हणाली. "इनास बाहेर झोपेल."

"मग बसलीस काय? ऊठ, गादी झटक!"

शांतीने गादीचं एक टोक धरलं. दुसरं फादरांनी धरलं.