लवूच्या टोळीला गाऱ्हाणं लागू पडलं

हेडफोनने कान चिकचिकतात म्हणून लवू राऊळने त्या रविवारी सकाळी हेडफोन काढून ठेवला आणि गेमचा आवाज स्पीकरवर घेतला. बस, एवढंच केलं बिचाऱ्याने. पुढचं सगळं रामायण त्या दोन कानांपायी झालं.

लवू म्हणजे दहिसरचा, वय बेचाळीस, विमा कंपनीत कारकून. (घरात मत विचारलं जात नाही, ऑफिसात ऐकलं जात नाही.) पण कपाटात जादूगारांच्या जाडजूड कादंबऱ्या, आणि कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये तो बारा जणांच्या टोळीचा सरदार! कुठल्याशा काल्पनिक तेरा राज्यांचे नकाशे त्याला तोंडपाठ. साखरेचा डबा कुठे असतो ते मात्र लग्नाला सोळा वर्षं झाली तरी सापडलेलं नाही.

आज त्याची सरदारकी पणाला लागली होती. अग्निदरीतल्या ड्रॅगनने टोळीला तीनदा लोळवलं होतं. घाटकोपरचा विशाल तर स्वच्छच म्हणाला होता, "सरदार, आज हरलो ना, तर मतदान घेऊ. राग नको मानू यार."

राग कसला मानतोय! जगात एवढीच एक जागा होती, जिथे तो बोलला की अकरा माणसं हलायची. (म्हणजे हलायची आपापल्या मनाने, पण हलायची.)

लढाई पेटली. लवू ओरडला, "अरे, चेटकीण माझ्या मागे लागलीय! घरात घुसलीय, सोडत नाही मला!"

स्वयंपाकघरात नारळ खवत बसलेल्या सासूबाईंचा हात थांबला. शकुताई कालच कणकवलीहून आल्या होत्या. "नीलम, ह्यो माका म्हणता काय गो?"

"नाही गं आई, खेळतोय तो," नीलम पोळी उलटत म्हणाली.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "मेलो! मी मेलो रे! आत्मा वर तरंगतोय माझा! कुणीतरी उठवा मला!"

आता गेममध्ये मेलेल्याला सोबत्याने येऊन उठवायचं असतं, हे शकुताईंना कोण सांगणार? त्यांचे वडील गावचे घाडी. म्हणजे साऱ्या गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारा माणूस. अंगात काही शिरलं की पुढे काय करायचं, हे त्या घरात पोरींनाही पाठ.

"अगो बाय माझे! जावयांका भायरचा लागला!" म्हणत त्या दुसरा, न फोडलेला नारळ घेऊन बाहेर आल्या, लवूच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या आणि त्यांनी खणखणीत आवाज लावला, "बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

माइक चालू होता. टोळीतले सगळे मूळचे कोकणातले. आईच्या पोटातून शिकून आल्यासारखे ते एका सुरात ओरडले, "व्हय म्हाराजा!"

आणि ओरडताना सगळ्यांची बोटं एकदमच बटणांवर पडली. एका क्षणी अकरा तलवारी! आजवर जो तो आपल्या मनाने मारायचा. ड्रॅगन पहिल्यांदाच कळवळला.

"आई, थांबा! लोक ऐकतायत!" लवू किंचाळला.

"सरदार, गप्प बस ना!" मुलुंडची श्वेता ओरडली. "मावशी, थांबू नका, झकास चाललंय!"

शकुताईंना स्पीकरमधून मावशी म्हणणारी बाई कोण, ते कळलं नाही. पण गाऱ्हाणं अर्धवट सोडायचं नसतं. "जी काय इडापिडा ह्या लेकराच्या वाटेत इली असात, तिची मान खाली घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ड्रॅगनचा एक पंख गळाला.

"ह्येका बेचाळीस वरसां झाली, पण अजून अक्कल येऊक नाय, ती दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजाऽऽ!" हा आवाज सगळ्यात मोठा. त्यात स्वयंपाकघरातून नीलमचाही होता. ड्रॅगन जो कोसळला, तो थेट दरीत.

स्पीकर नुसता दणाणला. शिट्ट्या, आरोळ्या! लवूचे डोळे भरून आले. जिंकलो! सरदारकी वाचली! त्याने घसा साफ केला आणि भाषणाला सुरुवात केली, "मित्रांनो, या विजयाचं श्रेय..."

"मावशींना!" विशाल म्हणाला. "मतदान झालं पण. बाराच्या बारा मतं."

"बारा कशी? मी कुठे दिलं?"

"तू मेलायस ना, सरदार. मेलेल्याचं मत टोळीच टाकते. तुझाच नियम आहे."

पडद्यावर सोनेरी अक्षरं उमटली, नवे सरदार: मावशी. खाली कोपऱ्यात लवूचा जादूगार अजून पालथाच पडला होता. लवू कळवळून म्हणाला, "अरे, निदान मला उठवा तरी!"

कुणाला ऐकूच गेलं नाही. पुढच्या रविवारी मावशींना किती वाजता जमेल, यावर सगळे एकदम बोलत होते.

शेवटी त्याला उठवलं नीलमने. खांद्याला हलवून ती म्हणाली, "ऊठ रे. आईचा नारळ फोड, आणि खाली जाऊन कोथिंबीर घेऊन ये. नवीन सरदार जेवायच्या थांबल्यात."