साडेबाराचा फोन

रोज दुपारी साडेबाराला आमच्या इमारतीतल्या घराघरांतला इंटरकॉम एकेक करून वाजायचा. उचलला की एकच प्रश्न, "जेवलाव का?"

विचारणारे चारशे दोनमधले शरणप्पाअण्णा. मूळचे राजेश्वर या खेड्यातले. मुलानं बसवकल्याणच्या बायपासला हा आलिशान फ्लॅट घेतला, अण्णांना त्यात आणून ठेवलं आणि स्वतः बेंगळुरूला गेला. अण्णा लिफ्टमध्ये शिरताना चपला हातात घेत आणि पोहण्याच्या तलावाला हौद म्हणत.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. वाढलो पत्र्याच्या घरात, त्यामुळे इथल्या संगमरवराचा ताठा बिल्डरपेक्षा मलाच जास्त. पाहुण्यांना आधी तलाव दाखवतो. मला पोहता येत नाही, हे सांगत नाही. एकदा मी शिकवतो त्या कॉलेजचे प्राचार्य घर बघायला आले आणि नेमका इंटरकॉमच्या स्पीकरवर अण्णांचा आवाज घुमला, "सर, जेवलाव का? न्हाई तर या, भाकर गरम हाय." प्राचार्य हसले. माझी अब्रूच गेली. संध्याकाळी मी लिफ्टमध्ये नोटीस लावली : इंटरकॉम फक्त अत्यंत तातडीच्या कामासाठी. 'अत्यंत'खाली रेघही ओढली.

फोन बंद झाले. आठ दिवसांनी बायको उदगीरला माहेरी गेली. माझ्या चकचकीत स्वयंपाकघरातली काचेची शेगडी मला काही केल्या पेटवता येईना. उभ्या उभ्या बिस्किटं खात होतो आणि साडेबारा वाजले तसे कान फोनकडे लागले. शेवटी मीच चारशे दोन फिरवला.

"कामून सर? तातडीचं हाय का?"

"व्हय अण्णा. जेवलो न्हाई."

"या की मग!"

गेलो तर अण्णा स्वतः भाकरी थापत होते. माझ्यासाठी ताट वाढलं, शेंगाची चटणी घातली.

"तुमचं ताट कुठंय?" मी विचारलं.

"चार घरी इचारल्याबिगर ताटावर बसायचं न्हाई, ही आमच्या घरची रीत. तुमची नोटीस लागल्यापासून दुपारचं सोडलंय. रातच्याला दूध पितो." आवाजात राग नव्हता. मी हातातला घास ताटात ठेवला.

मी उठलो आणि सेक्रेटरीच्या अधिकारात अण्णांच्याच इंटरकॉमवरून एकशे एकला फोन लावला. चारशे दोनचा नंबर बघून तिथल्या आजी मला बोलूच देईनात.

"अण्णा! आठ दिस झालं, फोन न्हाई. बरं हाय नव्हं? जेवलाव का तुम्ही?"

मी रिसीव्हर अण्णांच्या हातात दिला. आजींनी पुन्हा विचारलं असावं. पिठाच्या हातानं रिसीव्हर धरून अण्णांनी उलट त्यांनाच विचारलं, "तुम्ही जेवलाव का?" त्यांना उत्तर द्यायची सवय नव्हती.