डावा क्रँक

गांगुर्डे अण्णांनी माझ्या सासऱ्यांना पहिल्याच भेटीत अगदी जमिनीपर्यंत वाकून नमस्कार केला. सासरे पंचवटीतून सायकलवर आले होते आणि सायकल अंगणात पायरीशीच लावून पायरीवर टेकले होते. अण्णा समोरच्या घरातून आले, वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले. सासऱ्यांना गहिवरून आलं. हल्लीच्या दिवसांत वडीलधाऱ्यांचा एवढा मान कोण ठेवतो? त्यांनी "आयुष्मान व्हा" म्हणून हात वर केला. अण्णा सरळ झाले, कपाळाचं ग्रीस पुसलं आणि म्हणाले, "मागच्या चाकाचा हब इंग्लंडचा आहे तुमचा. जपा." आणि आले तसे गेले.

अण्णा सातपूरच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. दुसऱ्यांनी बनवलेला माल दिवसभर नापास करायचा, याचा त्यांना पगार मिळे. संध्याकाळी तेच काम ते कॉलनीत फुकट करत. मूळ गाव सटाण्याकडचं. एरवी आमच्यासारखंच बोलायचे, पण सायकलीचा नकली पार्ट दिसला की तोंडातून थेट सटाणा बाहेर पडायचं. "डुप्लिकेट शे!" एवढं ऐकलं की सायकलवाल्याने मान खाली घालून घरात जायचं, अशी आमच्याकडे रीतच पडली होती.

जुना विलायती पार्ट ओळखायची त्यांची एक पद्धत होती. आधी नखाने टिचकी मारून आवाज ऐकायचा. मग खिशातलं भिंग काढून त्यावर कोरलेली अक्षरं वाचायची. शेवटी डोळे मिटून आट्यांवरून बोट फिरवायचं. "विलायती आट्यात देशी नट घालून बघा मास्तर," ते मला सांगायचे, "मानपानावरून रुसलेल्या व्याह्यासारखा अर्ध्यातच अडून बसतो." मी शाळामास्तर. मला दोन्ही नट सारखेच दिसत, आणि ते अण्णांना माझ्या चेहऱ्यावर दिसे.

किंमत मात्र ते रुपयांत कधी करत नसत. रुपये भंगारवाल्याने सांगावेत, असं त्यांचं म्हणणं. एखादा हब आवडला की "याच्यावरून दोन स्कूटरी ओवाळून टाकीन" म्हणायचे. ब्रेक पसंत पडले तर "नगरसेवकासकट अख्खा वॉर्ड दिला तरी देऊ नका" असा सल्ला मिळायचा. माझ्या सायकलीची किंमत त्यांनी एकदाच केली. खाली बसून, उजेडात धरून सगळी पाहिली आणि म्हणाले, "चेनकव्हर बरं आहे. शेंगदाणे भाजता येतील."

त्या काळात स्कूटरचा नंबर लागणं म्हणजे घरात मुलगा झाल्यासारखं असे. कुलकर्ण्यांची स्कूटर आली तेव्हा सगळी कॉलनी जमली. नारळ फुटला, बायकांनी हॅंडलला कुंकू लावलं, पेढे वाटले. कुलकर्णी सगळ्यांना सोडून अण्णांच्याच तोंडाकडे बघत होते. अण्णांनी स्कूटरला एक फेरी घातली, पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "पेढा ओरिजिनल आहे."

त्यांच्या पुतणीला बघायला चांदवडचा एक मुलगा आला होता. कांद्याचा व्यापार, घरची शेती, दिसायला नीटस. आत पोह्यांच्या बशा फिरत होत्या तेव्हा अण्णा बाहेर त्याच्या सायकलीशी झटत होते. काळे हात घेऊन ते आत आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पुढचं चाक एका घरचं, मागचं दुसऱ्या घरचं. ज्याला चाकांची जोड जमवता येत नाही, तो संसाराची काय जमवणार?"

"अहो, सायकल माझी आहे," मुलाचे मामा म्हणाले. "एस्टीतून उतरल्यावर मीच दिली त्याला."

"मग मामाच्या घराण्यातच दोष आहे," अण्णा म्हणाले. पोहे तसेच राहिले आणि स्थळ मोडलं. पुढे तोच मुलगा जीपमधून हिंडू लागला, तेव्हा मुलीच्या आईने, म्हणजे अण्णांच्या वहिनींनी, त्यांना चांगलं फैलावर घेतलं. अण्णा शांतपणे म्हणाले, "जीपचे पार्ट तपासलेत का कुणी?"

अशा माणसाकडे जायला लोक कचरतात. त्यात अण्णांच्या पत्नी वारल्या, मुलगा भिलाईला नोकरीला लागला, आणि अण्णा रिटायर झाले. आम्ही सगळ्यांनी आपापल्या घरात ज्या भिंतीशी टीव्हीसाठी जागा करून ठेवली होती, त्या भिंतीवर अण्णांनी दोन खुंट्या ठोकून एक विलायती रेसिंगची सायकल टांगली. मेंढ्याच्या शिंगांसारखं हॅंडल, चिंचोळी सीट, बोटाएवढे टायर. एकेक पार्ट भंगारातून वेचून जमवलेला. कमी होता फक्त डावा क्रँक.

क्रँक म्हणजे पायडल ज्या दांडीला बसतं ती दांडी. उजव्या क्रँकच्या पाठीवर सालाचं एक बारीक अक्षर ठोकलेलं होतं, आणि डावाही त्याच अक्षराचा हवा होता. पुढच्या सालाचा आला, मागच्या सालाचा आला, अण्णांनी सगळे परत पाठवले. "एवढ्या वेळात मंगळाच्या मुलीचंही जमलं असतं," माझी बायको म्हणायची. अण्णांना एकच इच्छा होती. जोड जमली की त्या सायकलवर बसून गंगेवर, पंचवटीच्या घाटावर, एक चक्कर मारायची, मग डोळे मिटले तरी हरकत नाही.

त्यासाठी ते दर रविवारी भद्रकालीत हुसेनभाईंच्या भंगाराच्या दुकानात जात. एकदा मीही बरोबर गेलो. दोघांचं भांडण दारातूनच सुरू झालं.

"आ गये इन्स्पेक्टर! माझा माल नापास करायला?"

"माल कुठाय? हा सगळा उकिरडा आहे."

"तो फिर मत आओ ना अण्णा! कोणी बोलावलं?" असं म्हणत हुसेनभाईंनी चहा सांगितला. चहा येईपर्यंत दोघांनी एका पायडलवरून एकमेकांची अक्कल काढली. मी बसायला जागा शोधत होतो. हुसेनभाई उठून चहावाल्याकडे गेले, म्हणून मी त्यांच्या बैठकीचं गोणपाट जरा सरकवलं. खाली फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं. उलगडलं तर क्रँक. डावा. पाठीवरचं अक्षर मला, मास्तरला, चष्म्यातून स्पष्ट दिसलं.

"अण्णा, मिळाला!" मी ओरडलो.

हुसेनभाई चहाचे ग्लास घेऊन दारातच थांबले. त्यांचा चेहरा एकदम उतरला. फडकं तेलात भिजलेलं होतं आणि क्रँक लखलखत होता. भंगारातल्या मालाला असं कोणी जपत नाही.

अण्णांनी क्रँक हातात घेतला. टिचकी मारली, भिंग लावलं, अक्षरावरून अंगठा फिरवला. मग हुसेनभाईंकडे बघितलं. हुसेनभाई चहाच्या ग्लासांकडे बघत होते.

"डुप्लिकेट," अण्णा म्हणाले आणि क्रँक ढिगात टाकला. "लाज नाही वाटत रे हुसेन, असला माल ठेवायला?"

"अगले हफ्ते देखेंगे, अण्णा," हुसेनभाई हळूच म्हणाले. चहा पिताना पुन्हा भांडण सुरू झालं, पण हुसेनभाईंचा आवाज नीट लागत नव्हता.

परतताना मला राहवेना. "अण्णा, अक्षर तेच होतं."

"मला दिसतं, मास्तर." ते सायकल हातात धरून चालत होते. "त्याचा पोरगा दुकान बंद करून त्याला मालेगावला न्यायला बसलाय. दुकानात कुत्रं फिरकत नाही म्हणतो. एक तरी गिऱ्हाईक नको का दाखवायला?"

आयुष्यभर साऱ्या जगाला नापास करत आलेल्या या माणसाचं मला एकदम फार वाईट वाटलं, आणि फार कौतुकही.

"आणि जोड जमली असती," अण्णा रस्त्याकडे बघत म्हणाले, "तर पुढच्या रविवारी मी कुणाशी भांडलो असतो?"