सुमिएबाईंचा कागदी पडदा

"अगं, कपाटाच्या खालच्या फळीवरची देवळाची वही कुठं गेली?" कियोहारूंनी ओरडून विचारलं.

"खालच्या फळीवर शाईनं लिहिलेला जुना गठ्ठा होता, तोच ना?" सुमिएबाई हातमागावरून म्हणाल्या. "कापला."

कियोहारू मटकन खाली बसले. ते वस्तीचे अध्यक्ष. गेल्या शंभर वर्षांत देवाच्या पालखीला कुणाकुणाच्या घरानं खांदा दिला, ते त्या वहीत लिहिलेलं. रविवारी सगळ्यांसमोर तीत यंदाची नावं चढवायची होती.

"अहो, तुम्हीच म्हणालात, खालची रद्दी ने!"

हातकागदाच्या बारीक पट्ट्या कापायच्या, ओलसर करून दगडावर मळायच्या, चरख्यावर पीळ द्यायचा आणि त्या दोऱ्याचा कपडा विणायचा, हे सुमिएबाई चाळीस वर्षं करत होत्या. गाव त्याला 'रद्दीचा उद्योग' म्हणायचं. उद्या शनिवारी त्यांचं आयुष्यातलं पहिलं प्रदर्शन होतं, आणि त्यातला मुख्य पडदा नेमका त्याच गठ्ठ्याचा! वही परत मिळवावी तर पडदा उसवावा लागणार, आणि उसवून तरी काय मिळणार? कपाळ!

माफी मागायची तर रिकाम्या हातानं जाता येत नाही. गोड वड्यांचा खोका घेऊन कियोहारू आधी कुरामोचींकडे गेले. कुरामोची वयानं सगळ्यात मोठे, शिवाय कवितामंडळाचे प्रमुख. कियोहारूंच्या कविता तीस वर्षं न चुकता परत पाठवण्याचं काम त्यांनीच केलं होतं. कियोहारू कपाळ चटईला टेकेपर्यंत वाकले.

"गावाच्या पूर्वजांच्या चिंध्या केल्यात!" कुरामोची कडाडले. खोका मात्र ठेवून घेतला. "उद्या येतो सगळ्यांना घेऊन. पडदा उतरवायलाच लावतो!"

शनिवारी सकाळी अख्खी वस्ती तावातावानं प्रदर्शनाला आली आणि दारातच थबकली. छतापासून जमिनीपर्यंत पांढराशुभ्र पडदा झुलत होता. दोऱ्यात पिळून गेलेल्या अक्षरांचे बारीक काळे ठिपके त्यात विखुरलेले. सुमिएबाई कोपऱ्यात हातरुमाल पिळत उभ्या होत्या.

तेवढ्यात तोफू विकणारी आजी पुढं झाली. "हा वाकडा ठिपका आमच्या सासऱ्यांचा. चालायचेही असेच!"

"मग हा शेजारचा आमच्या आजोबांचा. जन्मभर तुमच्या सासऱ्यांना खेटूनच होते."

"छे! तो केवढासा! आमचा बघा!"

झालं, ठिपक्यांवर हक्क सांगायला झुंबड उडाली. कुरामोचींनी चष्मा पुसला आणि सगळ्यात ठसठशीत ठिपक्यावर बोट ठेवलं. "हे आमचं घराणं. वाद नको." मग ते सुमिएबाईंकडे वळून कमरेत वाकले. रद्दीचा उद्योग म्हणणारं सगळं गाव त्यांच्या मागं वाकलं. कियोहारूंचा ऊर भरून आला. ही माझी बायको, असं त्यांना रस्त्यावर जाऊन ओरडावंसं वाटलं.

संध्याकाळी घरी खायला काही नव्हतं. भूकंपासाठी दाराशी भरून ठेवलेल्या पिशवीत बिस्किटं असतील म्हणून कियोहारूंनी ती उघडली. बिस्किटांखाली जांभळ्या फडक्यात देवळाची वही! घर पडलं तरी वही शाबूत राहावी म्हणून वसंतातल्या साफसफाईत त्यांनी स्वतःच ती तिथं ठेवली होती.

"अगंबाई! मग मी कापलं काय?"

कियोहारूंनी कपाटाची खालची फळी चाचपली. "माझ्या कविता. तीस वर्षांच्या."

"अहो!" सुमिएबाईंचे डोळे भरले. "एक अक्षर लागत नव्हतं हो. मला वाटलं, शंभर वर्षांपूर्वीचं असेल!"

एवढ्यात दारात कुरामोचींचा आवाज आला. कियोहारू झटकन वहीवर बसले.

"ठरलं! उद्या पालखीपुढं तो पडदा न्यायचा, नावं नव्या वहीत," कुरामोची उभ्याउभ्याच म्हणाले. "काय दम आहे हो त्या शाईत! कियोहारू, राग मानू नका, पण त्यातला एक ठिपका तुमच्या सगळ्या कवितांना भारी आहे."

"तुमच्यासारख्या जाणकारानं म्हटलं," कियोहारू बसल्या जागीच वाकले, "तीस वर्षांचं सार्थक झालं."

कुरामोची गेले. कियोहारूंच्या चेहऱ्यावर हसू काही केल्या मावेना.

"आणि वहीचं काय?" सुमिएबाईंनी विचारलं.

कियोहारूंनी वही पुन्हा पिशवीत घातली, वर बिस्किटं ठेवली.

"भूकंप झाला की सांगू."