गेमिंग मॉनिटरचा तुलनात्मक अहवाल

पाणीपुरवठा खात्याच्या कंट्रोल रूममधल्या मॉनिटरचा उजवीकडचा खालचा कोपरा एका सकाळी काळा पडला. त्या मॉनिटरवर शहराच्या बारा टाक्या दिसत, चार-चारच्या तीन ओळींत. अकरा टाक्यांत पाणी किती, हे ऑपरेटरला बसल्या जागी कळे. बाराव्या टाकीचं त्या दिवसापासून देवाला ठाऊक.

ऑपरेटर सरळमार्गी माणूस होता. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यानं एकदाही वरिष्ठांना प्रश्न विचारला नव्हता, आणि त्याचं बक्षीस म्हणून त्याला एकदाही उत्तर मिळालं नव्हतं. पण नशीब एवढं बरं की बाराव्या टाकीच्या समोरच त्याची ताई राहत होती. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून टाकी दिसे. टाकी भरली की बाजूच्या पाइपातून पाणी ठिबकायला लागे, आणि ताई गॅस बारीक करून फोन उचले.

"भरली रे. बंद कर."

ऑपरेटर बटण दाबे. काम फत्ते. वस्तीतल्या कुणाला काही कळलं नाही, आणि तक्रार नाही म्हटल्यावर मॉनिटर बिघडलाय हे खात्याला कळण्याचं काही कारणही उरलं नाही.

असं पाच महिने चाललं. मग ताईच्या लेकीला सातवा महिना लागला. लेक परगावी, नवरा-बायको दोघंच, घरात तिसरं माणूस नाही. ताईनं भावाला सांगितलं, "दोन महिन्यांत तुझा तो टीव्ही नीट करून घे. मी काही जन्मभर टाकीकडे डोळे लावून बसणार नाही."

"टीव्ही नाही गं ताई, मॉनिटर."

"जे असेल ते. नववा लागायच्या आत मला तिकडे पोचायचंय. पहिली खेप आहे तिची, घाबरलीये पोर."

ऑपरेटरनं त्याच दिवशी अर्ज केला. खात्याचा नियम सोपा होता: जी वस्तू सगळ्यांत स्वस्त, तीच सगळ्यांत चांगली. स्टोअरकीपरनं बाजारात चौकशी केली, तेव्हा साध्या ऑफिसच्या मॉनिटरपेक्षा एक गेमिंग मॉनिटर स्वस्त निघाला, कारण दुकानदाराला जुना माल संपवायचा होता. आठ दिवसांत खोकं हजर झालं. खात्याच्या इतिहासात एखादी वस्तू आठ दिवसांत आलेली नव्हती, त्यामुळे कुठंतरी पाणी मुरतंय अशी शंका सगळ्यांनाच आली.

खोक्यावर शिरस्त्राण घातलेला, तोंडातून जाळ काढणारा एक सैनिक होता. लेखा विभागाच्या बाईंनी चष्मा वर करून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"हे काय आहे?"

"मॉनिटर, मॅडम," स्टोअरकीपर म्हणाला.

"मॉनिटर नाही. गेमिंग मॉनिटर. मंजुरी पाण्यासाठी आहे, खेळासाठी नाही."

"पण मॅडम, खेळायचं नाहीये. टाक्या बघायच्या आहेत," ऑपरेटर म्हणाला.

"मग खेळाचं यंत्र घेऊन त्यावर खेळायचं नाही, हा अपव्यय झाला. आणि खेळलात, तर गैरवापर झाला. कुठलं लिहू?"

ऑपरेटरला दोन्हींपैकी एकही नको होतं. अशा वेळी खात्यात जे होतं तेच झालं: समिती नेमली. अध्यक्ष साहेब, सदस्य लेखा विभागाच्या बाई, सदस्य-सचिव स्टोअरकीपर. सदर उपकरण वर्णनाबरहुकूम आहे किंवा कसे, याचे सखोल मूल्यमापन करून अहवाल सादर करणे, हे समितीचं काम.

खोक्यावर लिहिलं होतं की चित्र एका सेकंदात एकशे चव्वेचाळीस वेळा ताजं होतं. साहेबांनी स्टोअरकीपरला मोजायला बसवलं. तो पहिल्या सेकंदात तीनपर्यंत पोचला. उरलेली एकशे एक्केचाळीस 'विक्रेत्याच्या सांगण्यावरून' धरली गेली. दुसरा दावा होता, प्रतिसादाचा वेळ एक मिलिसेकंद. यावर मात्र साहेब गंभीर झाले.

"एक हजारांश सेकंद? आपल्या खात्याचा प्रतिसादाचा वेळ किती आहे?"

"पंचेचाळीस दिवस, सर. कामकाजाचे," बाई म्हणाल्या.

"इतकी घाई बरी नव्हे. विचार कधी करतं हे यंत्र?"

तिसरा दावा गेमिंगचा. तो तपासायला खेळणं भाग होतं. मीटिंग हॉलमध्ये मॉनिटर लावला गेला, त्यावर मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ चढवला गेला आणि समितीची बैठक रोज अकराला भरू लागली. पहिल्या आठवड्यात साहेबांची मोटार कठड्यावर आपटत होती. दुसऱ्यात ती वळणं घेऊ लागली. लेखा विभागाच्या बाई आधी नाक मुरडून बसायच्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी साहेबांना शेवटच्या फेरीत मागं टाकलं, तेव्हा साहेबांनी निकाल पुनर्विलोकनासाठी राखून ठेवला. इतिवृत्तात 'वळणावर चित्र फाटत नाही, अध्यक्षांचा तोल मात्र जातो' अशी नोंद झाली. नंतर ती खोडली.

इकडे ताईच्या लेकीला आठवा लागून सरला होता. ऑपरेटर रोज मीटिंग हॉलच्या दाराशी उभा राहायचा आणि आतून मोटारींचे आवाज ऐकून परत जायचा. शेवटी एकदा त्यानं धीर केला आणि आत जाऊन म्हणाला, "सर, अहवाल लवकर झाला तर बरं होईल. बारावी टाकी दिसत नाही."

साहेबांनी खेळ थांबवला. "दिसत नाही? मग तिथं पाणी कसं जातंय?"

इथं ऑपरेटरनं आयुष्यातली सगळ्यांत मोठी चूक केली. बहिणीचं कौतुक वाटून तो खरं बोलला. म्हणाला, "सर, माझी ताई खिडकीतून बघते आणि फोन करते. सात महिने झाले, एकदाही चुकली नाही."

लेखा विभागाच्या बाईंनी पेन उचललं.

"म्हणजे पर्यायी व्यवस्था अस्तित्वात आहे," त्या म्हणाल्या. "मग तुलना केल्याशिवाय खरेदी कशी करणार?"

दुसऱ्याच दिवशी समिती ताईच्या स्वयंपाकघरात आली. ताईला वाटलं, साहेब जातीनं आले म्हणजे मॉनिटर बसलाच आता. तिनं तिघांना खुर्च्या दिल्या, चहा ठेवला आणि प्रत्येक प्रश्नाला तोंडभरून उत्तर दिलं. खिडकीतून काय काय दिसतं, या प्रश्नाला ती म्हणाली, "टाकी दिसते, रस्ता दिसतो, समोरच्यांचं अर्धं घर दिसतं. मान वळवली तर कोपऱ्यावरचं दुकानसुद्धा." स्टोअरकीपरनं लिहिलं: पाहण्याचा कोन एकशे ऐंशी अंश, मॉनिटरच्या एकशे अठ्ठ्याहत्तरपेक्षा दोनने सरस. वॉरंटीच्या रकान्यात 'एकसष्ट वर्षे, चालू' असं लिहिलं. विजेचा वापर: शून्य, दिवसाला दोन कप चहा, तोही स्वखर्चाने. उजवा गुडघा दुखतो हेही ताईनं न विचारता सांगितलं. त्यावर बाईंनी मॉनिटरची माहितीपुस्तिका उघडली; तिच्यात पडद्यावरचे पाचपर्यंत मृत ठिपके दोष धरले जाणार नाहीत असं छापलेलं होतं. गुडघा एकच होता. तो ग्राह्य धरला.

"आणि प्रतिसादाचा वेळ?" साहेबांनी विचारलं.

"गॅस बारीक करायचा, हात पुसायचा, फोन लावायचा. दोन-तीन मिनिटं लागतात हो."

"उत्तम. यात विचाराला वाव आहे."

ताई हसली. म्हणाली, "तेवढं मशीन लवकर बसवा, साहेब. मला लेकीकडे जायचंय."

साहेबांचा कप ओठांशीच थांबला. "म्हणजे किती दिवस बंद राहणार?"

"कोण?"

"आपण."

अहवाल त्याच आठवड्यात आला. मॉनिटर खेळासाठी सर्वोत्तम आढळला, आणि नेमका म्हणूनच पाण्यासाठी अपात्र. अधिक निरीक्षणासाठी तो मीटिंग हॉलमध्येच ठेवावा, अशी शिफारस होती. बाराव्या टाकीसाठी सगळ्यांत कमी दराची निविदा ताईची ठरली, कारण तिची किंमत शून्य होती आणि शून्याच्या खाली कुणी उतरलं नव्हतं. भांडार नोंदवहीत तिला क्रमांक मिळाला. क्रमांकाची पट्टी स्टोअरकीपर घेऊन आला तेव्हा ती कुठं चिकटवायची यावर थोडी कुजबुज झाली; ताईची नजर पाहून त्यानं ती खिडकीच्या चौकटीला लावली.

ताईनं पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. खात्याकडे माणसांच्या रजेचा नमुना होता, उपकरणांच्या रजेचा नव्हता. ऑपरेटर पहिल्यांदाच साहेबांशी चढ्या आवाजात बोलला. "सर, ती माझी बहीण आहे. तिची लेक बाळंत होतेय."

"मला वाईट वाटतं हो," साहेब म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटत होतं. "पण पाणी लोकांचं आहे. लोकांनाच विचारू. ते म्हणाले जाऊ द्या, तर जाऊ द्या."

म्हणून एक कागद निघाला. 'बाराव्या टाकीची सध्याची सुरळीत व्यवस्था अखंड चालू ठेवावी', आणि खाली सह्यांसाठी जागा. कागद ऑपरेटरनंच दारोदार फिरवायचा होता. त्याला वाटलं, ताईला सगळी वस्ती ओळखते. कुणाच्या घरी आजारपण आलं तर डबा तिचा, कुणाची किल्ली हरवली तर दुसरी तिच्याकडे. कोण सही करेल? लोक तिला मोकळी करतील.

लोकांनी ताईचं फार कौतुक केलं. एका गृहस्थांना तर भरून आलं. "अशी माणसं आता राहिली नाहीत," ते म्हणाले, आणि सही केली. एक बाई म्हणाल्या, "ताईंना माझ्याकडून अभिनंदन सांगा हं, नातवंडासाठी," आणि सही केली. काहींनी विचारलं, ती नसताना पाणी जाईल का? ऑपरेटर म्हणाला, अंदाजानं सोडीन, एखादा दिवस मागंपुढं होईल. एखादा दिवस, हे ऐकून उरलेल्यांनी सह्या केल्या. कागद दोन्ही बाजूंनी भरला. एवढ्या सह्यांपुढं ताईचा पाय घराबाहेर निघेना.

नवव्या महिन्याच्या अखेरीस सकाळी सव्वासातला ताईचा फोन वाजला. जावई होता. मुलगी झाली, दोघी सुखरूप. त्यानं फोन बाळाच्या तोंडाशी धरला. ताई खिडकीत उभी राहून नातीचं रडणं ऐकत होती, तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि तेवढ्यात समोर पाइप ठिबकायला लागला.

"ठेवते रे," ती जावयाला म्हणाली. "टाकी भरली." मग भावाचा नंबर लावला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "भरली. बंद कर."

त्यानं बटण दाबलं. मग तिनं विचारलं, "त्या कागदावर कुणाकुणाच्या सह्या होत्या रे?"

"लक्षात नाही, ताई," तो म्हणाला. तो तिच्याशी पहिल्यांदाच खोटं बोलला.

कागद मी पाहिलाय. मागच्या बाजूला, वरून चौथी सही तुमची आहे. वाचायला वेळ नव्हता, असं तुम्ही ऑपरेटरला म्हणालात, कारण आत नळ चालू होता.